एकवीस की तीस?

दुकानातल्या माणसानं प्रश्न विचारला तो आमच्या जावईबापूंना. "सर, एकवीस डिग्रीची दाखवू की तीसची?"

जावईबापू कॉम्प्युटरवाले. भिंतीवर कॅलेंडर लावायचं म्हटलं तरी खिळ्याऐवजी स्वतःचा अंगठा ठोकून घेणारे. त्यांनी निमूटपणे माझ्या धाकट्या बहिणीकडे बोट केलं, "मला नकोय, हिला हवीय." तो माणूस हिच्याकडे बघून गोड हसला आणि पुढची सगळी माहिती पुन्हा जावईबापूंनाच सांगू लागला. प्रश्न विचारी धाकटी, उत्तर मिळे नवऱ्याला. टेनिसची मॅच बघावी तशी मी मान इकडून तिकडे वळवत उभी. मनात म्हटलं, एवढा सातासमुद्रापलीकडे प्रवास केला आणि पोचलो कुठे? तर सांगलीच्या हार्डवेअरच्या दुकानात!

ही गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. धाकटी नॉर्थ कॅरोलिनात राहते, शार्लट शहरापासून तासाभराच्या अंतरावर. लग्नाला वीस वर्षं झाली, मुलं कॉलेजात गेली आणि ही दर शनिवारी सकाळी जाड बूट चढवून, डोक्याला हेल्मेट घालून घरं बांधायला जायला लागली. फोनवर सांगायची तेव्हा मला खरं वाटत नव्हतं. "ताई, अगं खरंच, भिंती उभ्या करतो आम्ही," म्हणायची. मी म्हणायची, "बरं बाई, पाठ सांभाळ."

तिकडे गेल्यावर कळलं ते असं. बायकांचा एक गट आहे, वीस वर्षांच्या पोरीपासून सत्तरीच्या आजींपर्यंत. वर्षाला एक छोटं घर बांधून एखाद्या गरजू कुटुंबाला परवडेल अशा हप्त्यांवर द्यायचं. ज्यांचं घर, त्यांनीही ठरावीक तास अंगमेहनत करायची, ही अट. ही कल्पना त्या भागाला नवी नाही. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था १९७६ साली जॉर्जिया राज्यात सुरू झाली आणि फक्त बायकांनी बांधलेलं तिचं पहिलं घर १९९१ साली याच शार्लटमध्ये उभं राहिलं. आपल्याकडेही २००६ साली जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन लोणावळ्याजवळ स्वयंसेवकांबरोबर शंभर घरं बांधायला आले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. तेव्हा पेपरात फोटो बघून मला गंमत वाटली होती. माजी राष्ट्राध्यक्ष, आणि हातात थापी!

पण तिकडची घरं विटांची नाहीत, लाकडाची. म्हणजे आधी लाकडी सांगाडा, मग त्यावर आतून-बाहेरून फळ्या चढवायच्या. सांगाड्यासाठी जे वासे वापरतात त्यांना 'टू बाय फोर' म्हणतात. दोन इंच जाड, चार इंच रुंद. मी सवयीनं टेपनं मोजलं, तर भरलं दीड बाय साडेतीन! "हे काय गं?" म्हटलं, तर धाकटी म्हणाली, "रंधून, वाळून तेवढंच उरतं. नाव तेच राहिलं." आपल्याकडे साडीच्या लांबीत होतं तसंच म्हणायचं. तर असे वासे सोळा-सोळा इंचांवर उभे करायचे, खालून-वरून आडव्या पट्ट्या, आणि सगळं खिळ्यांनी जोडायचं. एका घराला हजारोंनी खिळे लागतात. हातोडीनं ठोकायला गेलं तर मनगटं कामातून जातात. म्हणून हे खिळे मारायचं पिस्तूल, नेलगन. हवेच्या दाबावर चालतं. नळीनं कॉम्प्रेसरला जोडायचं, नाक लाकडावर दाबायचं, चाप ओढायचा, फाट! सव्वातीन इंची खिळा डोक्यापर्यंत आत.

आजवर या गटाकडे दुसऱ्यांकडून मागून आणलेली एकच जुनी गन होती, ती बंद पडली. वर्गणी जमली आणि नवीन निवडायचं काम आलं धाकटीकडे. म्हणून आम्ही त्या दुकानात.

आता ही एकवीस-तीसची भानगड. मी बी.ए. मराठी. कोन म्हटलं की मला शाळेतली कंपासपेटी आणि त्यातला चावून चावून दातांचे व्रण पडलेला कोनमापक आठवतो. आणि मॅगझीन म्हणजे आमच्या घरी दिवाळीत येतं ते! इथे मॅगझीन म्हणजे खिळ्यांची पट्टी भरायची लांब डबी. स्टेपलरमध्ये पिनांची पट्टी भरतो ना, तस्सं. गनचं नाक सरळ खाली लाकडावर टेकलेलं असतं आणि ही डबी नाकापासून निघून मुठीखालून मागे जाते. ती अगदी आडवी असती तर कोन शून्य. पण ती मागच्या बाजूला वर उचललेली असते. किती उचललेली, ते म्हणजे हे अंश. एकवीसची कमी उचललेली, तीस ते चौतीसची जास्त. मध्ये एक अठ्ठावीसची असते, तिचे खिळे बारीक तारेनं जोडलेले. आणि पंधरा अंशांची म्हणून एक वेगळीच, तिला गोल डबा. लहानपणी दिवाळीत टिकल्यांच्या रोलची बंदूक असायची, तिचीच ही थोरली बहीण. दोन-तीनशे खिळे एका वेळी बसतात, सारखं थांबून भरायला नको. पण भरल्यावर ती उचलून छताकडे धरायची म्हणजे ज्याला रोजचा सराव आहे त्याचंच काम.

मला वाटलं, असेल काहीतरी कंपन्यांचं खूळ. आपल्याकडे मिक्सरला तीन भांडी की चार, तशातलं. पण नाही. एकवीसच्या पट्टीत खिळे प्लॅस्टिकनं जोडलेले असतात, एकमेकांपासून जरा अंतरावर, त्यामुळे प्रत्येकाचं डोकं पूर्ण गोल राहतं. तीसच्या पट्टीत ते कागदी टेपनं जोडलेले, अगदी खेटून. इतके खेटून, की गोल डोकी मावत नाहीत. म्हणून एक बाजू छाटलेली, टिकलीचा एक कड कात्रीनं कापावा तशी. किंवा मग डोकं गोलच, पण दांड्याच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकवलेलं. गोल डोकं फळीला चहूबाजूंनी धरतं. त्यामुळे वादळवाऱ्याच्या आणि भूकंपाच्या पट्ट्यात काही ठिकाणी बांधकामाचे नियम पूर्ण गोल डोक्याचाच खिळा मागतात. तपासनीस येतो, खिळ्यांची डोकी बघतो आणि छाटलेली दिसली तर काम नापास करतो. घरावरची फळी वाऱ्यानं उडायची की राहायची, हे त्या कापलेल्या टिकलीवर!

म्हणजे एकवीसच चांगली? थांबा. एकवीसच्या गनची डबी लांब आणि कमी उचललेली. सोळा इंचांवर उभ्या केलेल्या दोन वाशांच्या मध्ये जागा उरते साडेचौदा इंच. तिथे आत शिरून वाशाच्या पायाला तिरपा खिळा मारायचा असेल तर गन तिरकी धरावी लागते आणि डबीचं शेपूट मागच्या वाशावर आपटतं. जास्त उचललेली डबी तिथे सहज वळते. शिवाय प्लॅस्टिकच्या पट्टीचे तुकडे खिळ्याबरोबर उडतात. धाकटीच्या गालावर एक लालसर ओरखडा होता, तो त्याचाच. कागदाचं तसं नाही, पण कागद दमट हवेत ओल धरतो. आणि नॉर्थ कॅरोलिनाचा उन्हाळा म्हणजे आपल्या कोकणातला मे महिना. पेटी उघडी राहिली की पट्टी फुगली, गन अडकलीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकीचे खिळे दुसरीला चालत नाहीत. एकदा गन घेतली की जन्मभर त्याच पट्टीशी लग्न लागलं म्हणायचं.

दुकानदारानं अर्थातच यातलं फारसं सांगितलं नाही. तो जावईबापूंना सांगत होता, मिनिटाला किती खिळे. जावईबापू माना डोलावत होते. शेवटी धाकटीनं आवाज चढवून विचारलं, "दोन्ही एका दिवसासाठी भाड्यानं मिळतील?" मिळत होत्या. हे मला फार आवडलं. आपल्याकडे पातेलं घेतानासुद्धा आपण टिचकी वाजवून बघतो. मग तीन-चार किलोचं यंत्र हातात न धरताच कसं घ्यायचं?

शनिवारी सकाळी साइटवर सगळ्या जमल्या. अकरा जणी, आणि बारावी मी, पाहुणी. भिंती आधी जमिनीवर आडव्या ठेवून जोडतात आणि मग सगळ्यांनी मिळून 'हो' म्हणून उचलून उभ्या करतात. आडव्या भिंतीवर दोन्ही गन सारख्याच चालल्या. ठेकेदाराची मुलगी असलेली एक चुणचुणीत पोरगी होती, ती तर एकवीसवर इतकी खूश की बघायला नको. मलाही एक खिळा मारायला दिला. खरं सांगते, नाक टेकवलं, चाप ओढला आणि डोळे गच्च मिटले. ("डोळे मिटून नाही मारायचं, ताई!" धाकटी किंचाळली.) मनगटाला एक हिसका बसला. पंचवीस वर्षं पोळ्या लाटलेलं मनगट माझं, तक्रार करणारं नव्हे, पण दहा खिळ्यांनंतर मी गन खाली ठेवली.

खरी परीक्षा झाली ती उभ्या भिंतीत. ज्या बाईचं ते घर होणार होतं, ती शाळेची बस चालवते. दोन मुलं, नवरा नाही. बुटकीशी, हात लहान, माझ्याएवढेच. तिनं वाशांच्या मध्ये शिरून एकवीसची गन तिरकी धरली आणि शेपूट मागे आपटलं. पुन्हा धरली, पुन्हा आपटलं. मग तिनं एका हातानं गन वर उचलून धरली आणि दुसऱ्या हातानं वासा दाबला, नाकापासून जेमतेम चार बोटांवर.

"थांब!" असा आवाज आला की सगळ्या जागच्या जागी.

त्या गटात एक अडुसष्ट वर्षांच्या आजी आहेत, निवृत्त नर्स. आयुष्यातली बरीच वर्षं इमर्जन्सी विभागात काढलेल्या. त्यांनी आधी जाऊन हवेची नळी काढून टाकली, मग बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही अंशांवर तासभर भांडताय, पण चाप कसला आहे ते बघितलंय का कुणी? कुणीच बघितलं नव्हतं. दुकानदारानंही तो विषय काढला नव्हता.

चाप दोन प्रकारचे. एकात आधी नाक लाकडावर दाबायचं आणि मग चाप ओढायचा, तेव्हाच एक खिळा सुटतो. दुसऱ्या खिळ्यासाठी चाप सोडून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या प्रकारात चाप ओढूनच ठेवायचा आणि नाक जिथे जिथे टेकेल तिथे तिथे खिळा. काम भराभर होतं. पण नाक लाकडालाच टेकेल याची हमी कोण देणार? धक्का बसून गन उसळते आणि परत टेकते, दुसरा खिळा सुटतो. शिडीवरून उतरताना बोट चापावर राहून गेलं आणि नाक मांडीला लागलं, की खिळा मांडीत. आजींनी असे हात, अशा मांड्या, एक्स-रेमधले असे खिळे बघितलेले. त्या सांगत होत्या आणि ती ठेकेदाराची पोरगी नकळत आपले हात पाठीमागे लपवत होती.

घरी आल्यावर धाकटीनं मला त्यावरची सरकारी पुस्तिका दाखवली. कामगारांच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या 'ओशा' आणि 'नायोश' या दोन अमेरिकन सरकारी संस्थांनी २०११ साली काढलेली. तिच्यात म्हटलं आहे की नेलगनच्या जखमा घेऊन वर्षाला सुमारे ३७ हजार लोक तिकडे इमर्जन्सीत जातात. घरबांधणीचं सुतारकाम शिकणाऱ्या उमेदवारांपैकी पाचातल्या दोघांना चार वर्षांत कधी ना कधी अशी जखम झालेली. निम्म्याहून जास्त जखमा हाताला आणि बोटांना. आणि भराभर चालणाऱ्या चापाचा धोका एकेक खिळ्याच्या चापापेक्षा दुप्पट. हात खिळ्याच्या जागेपासून निदान एक फूट लांब, असंही त्यात सांगितलं आहे. आपली बसवाली चार बोटांवर होती.

आता मला सांगा, या शिकाऊ मुलांना कुणी विचारलं असेल का, बाबा रे, तुला कसला चाप हवा? गन घेतली ठेकेदारानं. त्याला हवी घाई, कारण घाईत पैसा. हातात देतो ती एकोणीस वर्षांच्या पोराच्या. म्हणजे हा काही केवळ बायकांचा प्रश्न नव्हे. यंत्र निवडणारा एक, वापरणारा दुसरा, अशी विभागणी झाली की वापरणाऱ्याचे हात हिशेबात धरलेच जात नाहीत. दुकानातल्या माणसाचा मला राग आला तो बाईला 'सर'च्या मागे उभं केलं म्हणून, पण त्याहून जास्त यासाठी, की त्यानं जे सांगितलं ते सगळं वेगाचं होतं, हाताचं एक अक्षरही नव्हतं.

दुपारी सँडविच खाता खाता मतं घेतली. चापावर एकमत झालं, एकेक खिळ्याचाच. कोनावर मात्र सात विरुद्ध चार, आणि एकवीस जिंकली. कारणं दोन दिली. एक, तपासनिसाला गोल डोकी लागतात. दोन, गोदामात कुणीतरी देणगी दिलेल्या एकवीसच्या खिळ्यांच्या पेट्या पडून होत्या. चार मतांमध्ये एक धाकटीचं, एक त्या बसवालीचं.

मला मत नव्हतं. असतं तर मी तीसला दिलं असतं आणि भांडले असते. तपासनिसाचं कारण अर्धंच खरं होतं. कागदी पट्टीतही बाजूला सरकवलेल्या पूर्ण गोल डोक्याचे खिळे मिळतात, ते त्याला चालतात का हे एका फोनवर विचारता आलं असतं. नाही केला कुणी फोन. आणि गोदामातल्या पेट्या! घरात पडून असलेल्या ब्लाउजपिसाला मॅचिंग म्हणून साडी घ्यायची, त्यातलाच प्रकार. जिचं घर, जिला वाशांच्या मध्ये शिरून तास भरायचे होते, तिनं सरळ सांगितलं होतं की ही माझ्या हाताला वळत नाही. सगळ्या बायकाच होत्या, मनानं चांगल्या होत्या, पण तिचं एक मत सातांत बुडालं. ती काही बोलली नाही. "कोपऱ्यात मी हातोडीनं ठोकीन," एवढंच म्हणाली आणि खरंच हातोडी घेऊन कामाला लागली.

तो हातोडीचा आवाज ऐकताना मला जी आठवण आली ती सांगायची म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला बसले.

२०१२ सालची गोष्ट. जत तालुक्यातल्या एका वाडीवर आमचा बचत गट होता. बायका हुशार, हप्ते चोख. कर्जातून आणि अनुदानातून पिठाची गिरणी आणि मिरची कांडप यंत्र घ्यायचं ठरलं. निवडीची बैठक तालुक्याच्या गावी एका कार्यालयात झाली. साहेब होते, विक्रेता होता, आणि 'महिला प्रतिनिधी' म्हणून मी होते. विक्रेत्यानं रंगीत माहितीपत्रक पुढे ठेवलं, तासाला किती किलो, मोटार किती अश्वशक्तीची, सगळं छापलेलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही आणि कळलं नाही असं म्हणायची लाज वाटली. चहा आला. मी सही केली.

यंत्र वाडीवर पोचलं, नारळ फुटला, फोटो निघाला. आणि मग कळलं की मोटारीला थ्री फेज लागतं. वस्तीवर सिंगल फेज. थ्री फेज यायचं ते शेतीच्या पंपांसाठी, मळ्यातल्या लाइनीला, तेही दिवसातले काही तास आणि कित्येकदा रात्रीचं. वस्तीपर्यंत नवी लाइन ओढायचा खर्च यंत्राच्या किमतीच्या घरात. दोन वर्षं ते यंत्र समाजमंदिराच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कागदाखाली उभं होतं. कोंबड्या बसायच्या त्यावर. हप्ते मात्र बायकांनी भरले, शेवटच्या रुपयापर्यंत. एका मावशीनं मला एवढंच विचारलं होतं, "ताई, आमास्नी इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं की वो. लाइट कवा येती न् कवा जाती, ते आमच्याशिवाय कुनाला म्हाईत?"

त्या बैठकीत बाई होती. मीच होते! त्यामुळे 'निर्णयप्रक्रियेत महिलांचा सहभाग' असं कुणी भाषणात म्हणालं की मला हल्ली जरा खुर्चीत चुळबुळायला होतं. कुठल्या महिलांचा? सही करणारीचा की दळणारीचा?

हे उलटंही घडू शकतं, आणि आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं मोठं काम निघालं, तेव्हा 'स्वयम् शिक्षण प्रयोग'च्या प्रयत्नांतून गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घर कसं मजबूत करायचं हे शिकल्या आणि गावाला समजावलं. पण ते झालं की आपण पुन्हा पहिल्यासारखे. आजही कुठल्याही बांधकामावर बघा. घमेलं बाईच्या डोक्यावर, थापी आणि ओळंबा गवंड्याच्या हातात. ज्याच्या हातात हत्यार त्याची मजुरी जास्त. थापी धरायला ताकद लागते म्हणावं, तर भरलेलं घमेलं काय हलकं असतं?

यावर आमच्या ह्यांचं म्हणणं, "अगं, प्रत्येक खरेदीला सगळ्यांना विचारत बसलीस तर वर्षभर काही घेऊन होणार नाही." खोटं नाही ते. धाकटीच्या गटातही वेळ गेला, भाड्याचे पैसे गेले. पण एक शनिवार गेला. आमच्या गिरणीपायी दोन वर्षं गेली आणि हप्ते गेले ते वेगळेच. आणि सगळ्यांना नकोच विचारायला. जिच्या हातात ते रोज राहणार तिला विचारा, आणि मतं मोजताना तिचं मत इतरांएवढंच धरू नका, जास्त धरा. मला माहीत आहे, हे लोकशाहीच्या नियमात बसत नाही.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका गटासाठी शेवयांचं यंत्र घ्यायचं होतं. या वेळी मी कार्यालयात एकटी गेले नाही. पाच जणींना एसटीत घालून मिरजेला घेऊन गेले. प्रत्येकीनं पिठाचा गोळा घरूनच मळून आणलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाही मजा वाटायला लागली. मला स्वतःला एक मोठं, चकचकीत स्टीलचं यंत्र पसंत होतं. पाचही जणींनी ते नाकारलं. पीठ घालायचं तोंड उंचावर होतं, प्रत्येक वेळी टाचा उंचवाव्या लागत होत्या. "दिवसाला दोनशे वेळा कोन टाचा उचलनार?" एकीनं विचारलं. मोटार सिंगल फेजवर चालते का, ते तर दुकानात पाय ठेवल्या ठेवल्याच विचारून झालं होतं. शेवटी घेतलं ते बुटकं, रंग उडालेलं दिसणारं, मला अजिबात न आवडलेलं यंत्र. उन्हाळ्याच्या सीझनला ते दिवसभर चालू असतं.

धाकटीचा परवा फोन आला. गटानं दुसरी गन घेतली म्हणाली, तीसची. ती बसवाली आता आपल्या घरात राहते आणि तरीही शनिवारी दुसऱ्यांची घरं बांधायला येते. या वेळी दुकानात तिलाच पाठवलं होतं.

मी विचारलं, "आणि चाप?"

"ताई," ती म्हणाली, "दुकानात शिरल्या शिरल्या तिनं पहिला प्रश्न तोच विचारला. तो माणूस कोन किती ते सांगायला लागला होता."